आईच्या छातीतली जळजळ आणि अहवालातला हायाटस हर्निया

आदरणीय डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

माझी आई ६३ वर्षांची असून सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी राहते. मी नोकरीनिमित्त पुण्यात असते. आईला गेली काही वर्षे छातीत जळजळण्याचा त्रास आहे. शेतात खुरपायला वाकली की आंबट पाणी घशाशी येते, रात्री जेवून आडवी झाली की ठसका लागतो आणि कधीकधी भाकरीचा घास छातीत अडकल्यासारखा वाटतो. ‘पित्त झालंय’ म्हणून ती मेडिकलमधून पित्ताची गोळी आणते आणि गुडघे दुखतात म्हणून त्याच दुकानातून दुखण्याचीही गोळी आणते. गेल्या महिन्यात मी तिला आग्रहाने पुण्याला आणून एंडोस्कोपी करून घेतली. अहवालात ‘हायाटस हर्निया’ असे लिहिले असून ‘झेड-लाइन ३३ सेंमी, हायाटस ३८ सेंमी’ आणि ‘अन्ननलिकादाह, ग्रेड ए’ अशी नोंद आहे. गोळ्या लिहून मिळाल्या, पण गर्दीमुळे काही विचारता आले नाही. गावी गेल्यावर मावशी म्हणाली की बेंबी सरकली आहे, पोट चोळून घेतले की जागेवर येईल. शेजारच्या काकांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले आहे. ते म्हणतात, हर्निया म्हटला की ऑपरेशन आलेच.

हा आजार कोणत्या लक्षणांवरून ओळखायचा, तो आईला का झाला असेल आणि कशाची काळजी करायची, हे समजावून सांगाल का? आईचे वजन ७२ किलो आहे, उंची पाच फूट. मिश्रीची सवय आहे, पाठीला बाक आला आहे, बद्धकोष्ठाचा त्रास जुना आहे. हिमोग्लोबिन ८.४ निघाले, वयामुळे असेल, असे सगळे म्हणाले. मी स्वतः सात महिन्यांची गरोदर आहे आणि मलाही जळजळ होते. हे आनुवंशिक असते का?

— एक वाचक, पुणे

सप्रेम नमस्कार.

आईंच्या अहवालातल्या हर्नियापेक्षा तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलेला हिमोग्लोबिनचा आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याबद्दल आधी सांगते. वयामुळे हिमोग्लोबिन ८.४ होत नाही. स्त्रियांमध्ये ते १२ च्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात आणि साठी ओलांडली म्हणून ही मर्यादा साडेआठवर येत नाही. त्यामागचे कारण शोधणे हे आईंच्या बाबतीत सध्याचे पहिले काम आहे. त्या कारणाचा हर्नियाशी संबंध असू शकतो, पण तो आहेच असे धरून चालणेही धोक्याचे ठरेल. हे नीट कळण्यासाठी आधी हा आजार काय आहे ते पाहू. पत्रावरून रोगनिदान करता येत नाही, त्यामुळे मी जे लिहिते आहे ते घेऊन तुम्ही आईंना तपासणाऱ्या डॉक्टरांकडे पुन्हा जावे, अशी माझी अपेक्षा आहे.

छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूंचा घुमटाकार पडदा असतो. अन्ननलिका या पडद्यातल्या एका छिद्रातून पोटात उतरते आणि साधारण दोन सेंटीमीटर खाली जाऊन जठराला मिळते. अन्ननलिकेच्या तळाची झडप आणि तिला बाहेरून आवळून धरणारे श्वासपटलाचे स्नायू निरोगी माणसात एकाच पातळीवर असतात आणि दोघे मिळून, बटव्याची नाडी ओढावी तसे, जठराचे तोंड मिटलेले ठेवतात. हे छिद्र रुंदावले आणि अन्ननलिकेला श्वासपटलाशी बांधून ठेवणारा पातळ पडदा ताणला गेला, की जठराचा वरचा भाग छातीच्या पोकळीत सरकतो. झडप वर जाते, आवळणारे स्नायू खालीच राहतात आणि दोघांची जोडी फुटल्यामुळे जठरातले आम्ल वर यायला वाट मोकळी होते. हाच हायाटस हर्निया.

तुमच्या अहवालातले आकडे याच गोष्टीचे मोजमाप आहेत. अन्ननलिकेचे फिकट अस्तर संपून जठराचे लालसर अस्तर जिथे सुरू होते त्या नागमोडी सीमेला झेड-लाइन म्हणतात, आणि नळी आत जाताना श्वासपटलाचा चिमटा बसल्यासारखी जी अरुंद जागा दिसते ती हायाटस. दोन्ही अंतरे समोरच्या दातांपासून मोजतात. आईंची झेड-लाइन ३३ वर आणि चिमटा ३८ वर आहे, म्हणजे मधले पाच सेंटीमीटर जठर छातीत आहे. हे अंतर दोन सेंटीमीटरहून अधिक असेल तर हर्निया मानतात. तपासणीच्या वेळी जठरात हवा भरलेली असते आणि श्वासागणिक सर्व अवयव वरखाली होत असतात, त्यामुळे एखाद्या सेंटीमीटरचा फरक गृहीत धरावा लागतो. तरीही पाच सेंटीमीटरच्या हर्नियाला लहान म्हणता येणार नाही. ‘ग्रेड ए’ ही मात्र दिलासा देणारी नोंद आहे. अन्ननलिकेच्या अस्तरावर आम्लामुळे उठलेले ओरखडे पाच मिलीमीटरहून लांब नाहीत, असा तिचा अर्थ असून चार श्रेणींपैकी ती सर्वांत सौम्य आहे.

या हर्नियाचे मुख्यतः दोन प्रकार आहेत आणि आईंचा कोणता, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. सुमारे ९५ टक्के रुग्णांमध्ये तो सरकता असतो, म्हणजे अन्ननलिका आणि जठर यांचा सांधाच वर सरकतो. उरलेल्यांमध्ये सांधा जागेवर राहून, किंवा त्याच्यासह, जठराचा दुसरा भाग अन्ननलिकेच्या शेजारून छातीत घुसतो. हा दुसरा प्रकार कमी आढळतो, पण त्यात जठराला पीळ पडण्याचा धोका असतो. एंडोस्कोपीवरून खात्री होत नसेल तर बेरियमचे पांढरे, खडूच्या चवीचे द्रावण पाजून एक्स-रे काढतात. त्यात जठराचा किती आणि कोणता भाग वर आहे हे स्पष्ट दिसते.

शेजारच्या काकांचा हर्निया बहुधा जांघेतला असणार. तिथे आतडे अडकण्याची भीती असते, म्हणून शस्त्रक्रियेचा सल्ला बहुधा लवकर दिला जातो. हायाटस हर्नियाच्या बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रियेची कधीच गरज पडत नाही; अनेकांना तर तो असल्याचेही कळत नाही, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत तो सापडतो. बेंबी सरकण्याशी त्याचा काहीही संबंध नाही आणि पोट चोळून तो खाली येत नाही. मावशींच्या सांगण्यामागे माया आहे, यात शंका नाही, पण पोटावर जोर देऊन चोळले की पोटातला दाब वाढतो आणि आईंच्या बाबतीत तोच दाब टाळायचा आहे. शिवाय शरीरातून कुठेतरी रक्त जात असण्याची शक्यता असताना पोट रगडणे मुळीच योग्य नाही.

आता लक्षणांकडे वळू. गंमत अशी की हायाटस हर्नियाला स्वतःचे असे एकही खास लक्षण नाही. जे जाणवते ते आम्ल वर आल्यामुळे किंवा छातीत गेलेल्या जठराने जागा अडवल्यामुळे जाणवते. म्हणून ‘काय होते’ यापेक्षा ‘कधी आणि कोणत्या स्थितीत होते’ हे विचारले तर उत्तर लवकर सापडते. छातीच्या मधल्या हाडामागे होणारी, खालून वर गळ्याकडे चढणारी जळजळ, जी पोटभर जेवणानंतर, वाकल्यावर, ओझे उचलल्यावर किंवा आडवे झाल्यावर वाढते आणि उठून बसल्यावर कमी होते, ती आम्ल वर येण्याची खूण आहे. आईंना खुरपताना होणारा त्रास याचे अगदी ठळक उदाहरण आहे. खुरपणीला बसले की गुडघे पोटात येतात, कंबर दुमडते आणि पोट दाबलेल्या स्थितीत तास न् तास काम चालते. मी शेतकरी स्त्रियांना नेहमी विचारते की उभ्याने करायच्या कामात, म्हणजे उफणताना किंवा कणसे खुडताना, हा त्रास होतो का. ‘तेव्हा नाही होत’ असे उत्तर आले की संशय पक्का होतो.

दुसरे लक्षण म्हणजे काहीही मळमळ नसताना, उमासा न येता, आंबट किंवा कडू पाणी अथवा नुकतेच खाल्लेले अन्न तोंडात येणे. उलटीत पोटाचे स्नायू जोर लावतात. इथे तो जोर लागत नाही, पदार्थ आपोआप वर येतो. सकाळी उशीवर आंबूस डाग दिसणे, झोपेतून ठसक्याने दचकून उठणे, रात्रीचा कोरडा खोकला, सकाळी आवाज बसलेला असणे, घशात काहीतरी चिकटल्यासारखे वाटणे, दातांचे आतल्या बाजूचे कवच झिजणे, ही सर्व त्याच आम्लाची दूरवर पोहोचलेली कामे आहेत. दमा असणाऱ्यांचा दमा यामुळे रात्री बळावतो. अशा खोकल्यासाठी वर्षभर औषधाच्या बाटल्या रिकाम्या करणारे आणि अन्ननलिकेचा विचारही न झालेले रुग्ण कमी नाहीत.

हर्निया मोठा असेल तर जळजळीपेक्षा वेगळ्याच तक्रारी पुढे येतात. चार घास खाल्ले की पोट गच्च भरते, जेवणानंतर छातीत भार येतो, धाप लागते किंवा धडधडते आणि ढेकर आली की बरे वाटते. जठराने फुप्फुसाची जागा घेतल्यामुळे हे होते. जेवल्यावर जिना चढताना लागणारी धाप उपाशीपोटी लागत नाही, असा फरक आढळला तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा. अर्थात त्याच वेळी हृदयाची तपासणीही झालीच पाहिजे.

भाकरीचा घास अडकणे हे लक्षण मी वेगळे काढते. हर्नियात आणि आम्लाने सुजलेल्या अन्ननलिकेत ते होऊ शकते. पण घास अडकणे दिवसेंदिवस वाढत असेल, आधी भाकरी, मग भात, मग पेजही उतरेनाशी झाली असेल, किंवा वजन आपोआप घटत असेल, तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा विचार करावाच लागतो आणि तंबाखूचे कोणतेही रूप, मिश्रीसुद्धा, तो धोका वाढवते. आईंची एंडोस्कोपी नुकतीच झाली आहे आणि तसे काही दिसलेले नाही, ही मोठी जमेची बाजू आहे. उपचार सुरू करूनही घास अडकतच राहिला तर मात्र ‘एकदा तपासले आहे’ म्हणून गप्प बसू नये.

आता रक्तक्षयाविषयी. जठराचा जो भाग श्वासपटलाच्या छिद्रातून वर गेलेला असतो, तो प्रत्येक श्वासाबरोबर त्या छिद्राच्या कडेवर घासला जातो. तिथे अस्तरावर लांबट ओरखडे आणि व्रण पडतात आणि त्यांतून रक्त झिरपत राहते. कॅमेरॉन आणि हिगिन्स या अमेरिकेतील डॉक्टरांनी १९८६ मध्ये मोठ्या हर्नियात आढळणाऱ्या या व्रणांचे आणि दीर्घकालीन रक्तक्षयाचे नाते दाखवून दिले. तेव्हापासून हे व्रण कॅमेरॉनच्या नावाने ओळखले जातात. रक्त इतके थोडे थोडे जाते की रुग्णाला ना पोटात दुखते, ना शौचात रक्त दिसते. फक्त थकवा वाढतो, चालताना धाप लागते, चेहरा फिकट पडतो आणि घरचे म्हणतात, वय झाले. हर्निया जितका मोठा तितकी ही शक्यता अधिक, आणि एंडोस्कोपी करणाऱ्याने नळी जठरात वळवून चिमट्याची जागा मुद्दाम पाहिली नाही तर हे व्रण नजरेतून सुटू शकतात. तशी पाहणी झाली होती का, हे तुम्ही विचारू शकता. असे विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

पण आईंच्या बाबतीत दुसरा संशयित दुकानातून आणलेली गुडघ्यांची गोळी हा आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसेक्लोफेनॅक या जातीच्या वेदनाशामकांमुळे जठरात आणि पुढच्या लहान आतड्यात व्रण होतात, कॅमेरॉनचे व्रणही चिघळतात. ही गोळी कोणती आहे ते वेष्टनावर पाहा आणि डॉक्टरांना भेटेपर्यंत तरी ती बंद ठेवा. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल योग्य प्रमाणात चालेल का, हे त्यांनाच विचारा. मात्र हृदयासाठी कमी मात्रेची ॲस्पिरिन कोणी लिहून दिली असेल तर ती स्वतःच्या मनाने थांबवू नका. तिसरी शक्यता मोठ्या आतड्याची. पाळी बंद झालेल्या स्त्रीच्या शरीरातले लोह कमी भरले, तर रक्त कुठून तरी जात आहे असे समजूनच शोध घ्यायचा असतो आणि त्यात कोलोनोस्कोपीचा विचार व्हावाच लागतो, कारण मोठ्या आतड्याचा कर्करोगही असाच मूकपणे रक्त झिरपवतो. वरच्या बाजूला हर्निया सापडला म्हणून खालची तपासणी सोडून देणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. सुरुवातीला रक्तातले फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्याने लोह आणि बी-१२ या दोहोंचे शोषण कमी होऊ शकते, आणि जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा लोहाच्या शोषणात आणखी अडथळा आणतो. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की शौचाचा रंग काळपट-हिरवट होतो, त्याला घाबरू नये. डांबरासारखे चिकट, चकचकीत काळे आणि उग्र दुर्गंधीचे शौच झाले तर मात्र ते पचलेले रक्त असते आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

एक गोष्ट मी शक्य तितक्या ठामपणे सांगू इच्छिते. आता अहवालावर हर्निया आला आहे, त्यामुळे यापुढे आईंच्या छातीत काहीही झाले की घरात ‘ते हर्नियाचंच आहे’ असे म्हटले जाण्याचा धोका आहे. हृदयाचे आणि अन्ननलिकेचे दुखणे एकाच जागी जाणवते. चढण चढताना किंवा भरभर चालताना छातीत दाटणे आणि थांबल्यावर ओसरणे, दाबल्यासारखी वेदना हातात, जबड्यात, खांद्यात किंवा पाठीत जाणे, घाम फुटणे, दम कोंडणे, ही हृदयाची लक्षणे आहेत. स्त्रियांमध्ये, वयस्कर व्यक्तींमध्ये आणि मधुमेह असणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा झटका नुसत्या जळजळीच्या, मळमळीच्या किंवा कमालीच्या थकव्याच्या रूपात येऊ शकतो. सोडा किंवा पित्ताचे औषध घेऊन बरे वाटले म्हणजे हृदय ठीक आहे, असे मुळीच सिद्ध होत नाही. नेहमीपेक्षा वेगळे, पंधरावीस मिनिटांत न ओसरणारे किंवा घामासह आलेले छातीचे दुखणे झाले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढावा आणि तो पहिल्यांदा ठीक आला तरी डॉक्टर सांगतील तितका वेळ तिथेच थांबावे. त्यांचा रक्तक्षय पाहता हे आणखी महत्त्वाचे आहे, कारण हिमोग्लोबिन कमी असताना हृदयाला आधीच जास्त कष्ट पडत असतात.

तातडीची आणखी एक अवस्था क्वचित येते, पण ती ओळखता यायला हवी. छातीत गेलेल्या मोठ्या जठराला पीळ पडला, तर पोटाच्या वरच्या भागात किंवा छातीत अचानक तीव्र वेदना होतात, एकामागून एक कोरड्या ओकाऱ्या येतात पण पोटातून काहीही बाहेर पडत नाही, ढेकरही येत नाही आणि वरचे पोट फुगते. अशा वेळी काहीही खायला-प्यायला न देता थेट शल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात न्यावे लागते.

आईंनाच हा आजार का झाला, याचे उत्तर त्यांच्या आयुष्यात आणि शरीरात विखुरलेले आहे. वय हे पहिले कारण: पन्नाशीनंतर श्वासपटलाच्या छिद्राभोवतीच्या ऊती सैल पडतात आणि हा हर्निया अधिक आढळू लागतो. त्यावर वजनाचा भार पडतो. आईंची उंची आणि वजन पाहता शरीरभार निर्देशांक सुमारे ३१ येतो, म्हणजे लठ्ठपणा आहे, आणि पोटावरची चरबी जठराला रात्रंदिवस वर ढकलत राहते. बाळंतपणे, जुने बद्धकोष्ठ आणि त्यासाठी शौचाला कुंथणे, जुनाट खोकला, वर्षानुवर्षे डोक्यावर वाहिलेले वैरणीचे भारे आणि पाण्याचे हंडे, हे सर्व पोटातला दाब वाढवणारे आहे. यातले कोणते किती जबाबदार, हे कुणालाही वाटून सांगता येणार नाही. पाठीच्या बाकाकडे मात्र सहसा कुणी या दृष्टीने पाहत नाही. मणके ठिसूळ होऊन दबले आणि पाठ पुढे झुकली की पोटाची पोकळी आखडते आणि जठराला वरचीच वाट उरते. वयस्कर स्त्रियांमधल्या मोठ्या हर्नियात बाक अनेकदा सोबत असतो. आईंच्या हाडांची घनता तपासून घ्यावी. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेन्ड्रोनेटची गोळी कोणी सुरू केली, तर अहवाल दाखवून हर्निया आणि अन्ननलिकादाह असल्याचे आधी सांगावे, कारण ती गोळी अन्ननलिकेला चिकटली तर तिथे व्रण करते. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन चालू असेल तर त्यानेही झडप काहीशी सैलावते. ती स्वतः बंद न करता डॉक्टरांना पर्याय विचारावा.

मिश्रीबद्दल थोडे अधिक. आपल्याकडे तिला दात घासण्याचे साधन समजले जाते आणि म्हणून आई तिला व्यसनात धरत नसतील. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि तिच्यातले निकोटिन हिरड्यांमधून रक्तात जाऊन अन्ननलिकेच्या तळाची झडप ढिली करते. कितीतरी बायका सकाळी मिश्री लावून झाल्यावर उपाशीपोटी चहा घेतात आणि तासाभरात जळजळ सुरू झाली की रात्रीच्या जेवणाला दोष देतात. ही सवय सुटणे अवघड असते, रागावून ती सुटत नाही. पण हर्नियाच्या त्रासाची जी कारणे बदलता येण्याजोगी आहेत, त्यांत वजन आणि मिश्री ही दोन सर्वांत वरची आहेत.

उपचारांविषयी थोडक्यात लिहिते, कारण तुम्ही विचारले आहे ते मुख्यतः ओळखण्याबद्दल. लिहून दिलेली पित्ताची गोळी बहुधा पॅन्टोप्राझोल किंवा तिच्या जातीची असेल. ती नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घेतली तरच पुरेसे काम करते, जळजळ झाली की मध्येच घेऊन फारसा उपयोग होत नाही. दुकानातल्या अनेक गोळ्यांमध्ये तिच्यासोबत डॉम्पेरिडोन हे मळमळीवरचे औषध मिसळलेले असते. साठीपुढच्या वयात त्याने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका असतो, तेव्हा जुनी पाकिटे डॉक्टरांना दाखवा. रात्रीचे जेवण झोपण्याच्या तीन तास आधी आणि थोडे कमी असावे. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू पंधरा ते वीस सेंटीमीटर उंच करावी; आई जमिनीवर झोपत असतील तर कमरेपासून डोक्यापर्यंत गादीखाली वाकळांच्या घड्या उतरत्या क्रमाने घालाव्यात. नुसत्या दोन-तीन उशा घेतल्या तर मान वर होते पण पोट दुमडते आणि त्रास वाढतो. डाव्या कुशीवर झोपल्याने आम्ल कमी वर येते. परकराची नाडी किंवा लुगड्याचा कासोटा कमरेला घट्ट आवळू नये. खुरपणी शक्य तोवर दुसऱ्या कुणाकडे द्यावी आणि जेवणानंतरचे दोन तास तरी वाकून काम करू नये. शस्त्रक्रियेत जठर खाली ओढून, छिद्र टाक्यांनी लहान करून, जठराचाच वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. रुडॉल्फ निसेन या शल्यचिकित्सकांनी १९५६ मध्ये जठर गुंडाळण्याची ही पद्धत मांडली आणि आता ती दुर्बिणीने होते. औषधे घेऊनही अन्न वर येणे थांबत नसेल, कॅमेरॉनच्या व्रणांमुळे रक्तक्षय पुन्हा पुन्हा होत असेल किंवा हर्निया पीळ पडू शकणाऱ्या प्रकारचा असून त्रास देत असेल, तर तिचा विचार करावा. आईंच्या बाबतीत तो प्रश्न आज नाही. रक्तक्षयाचा छडा लागल्यावर तो निघू शकेल.

तुमच्या स्वतःबद्दल. हायाटस हर्निया काही कुटुंबांमध्ये अधिक आढळतो, पण आईला आहे म्हणून मुलीला होईलच असे नाही. तुमची सध्याची जळजळ बहुधा गरोदरपणाची आहे. गरोदरपणात वाढणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे झडप सैल होते, वाढलेले गर्भाशय जठराला वर ढकलते आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचा हा त्रास जातो. थोडे थोडे खाणे आणि डाव्या कुशीवर झोपणे एवढ्यानेही पुष्कळदा भागते. कोणतेही औषध, अगदी साधे अँटॅसिडही, तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारूनच घ्यावे. मात्र सातव्या महिन्यानंतर उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या मध्यभागी सतत दुखू लागले, सोबत डोके ठणकत असेल, डोळ्यांपुढे चमकत असेल किंवा हात आणि चेहरा अचानक सुजला असेल, तर त्याला पित्त समजू नका. गरोदरपणात रक्तदाब वाढून यकृतावर ताण येतो तेव्हा असेच दुखते, आणि त्या वेळी पुढच्या तपासणीची तारीख येण्याची वाट न पाहता त्याच तासाला रक्तदाब मोजून घ्यावा लागतो.

डॉक्टरांकडे जाताना एंडोस्कोपीचा अहवाल त्यातल्या छायाचित्रांसह, रक्ताचे जुने अहवाल असतील तर तेही, आणि आई दुकानातून आणतात त्या सर्व गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून न्या. त्याआधी आठवडाभर आईंनी काय खाल्ले, त्रास किती वाजता आणि कोणत्या कामात झाला, हे घरातल्या कुणाकडून तरी लिहून घेतले तर गर्दीतल्या पाच मिनिटांतही डॉक्टरांना नेमके बोलता येईल. आणि ही भेट या आठवड्यातच घ्या.